काठ शाबूत, अंग विरलेलं

दिवाळीची आवराआवर झाली की माळ्यावरची गाठोडी खाली येतात आणि आमच्याकडे कपड्यांच्या अडचणींची पत्रं वाढतात. या वेळी इंदूरहून इतकी आली की अंक त्यांनाच दिला आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तिथे एकदा कात्री चालली की मागे फिरता येत नाही.

*सासूबाईंची माहेश्वरी साडी आहे, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाची. पन्नासेक वर्षं झाली असतील. काठ-पदर अजून सुरेख आहेत, पण उलगडली तर घड्यांवर आडव्या चिरा गेलेल्या. रफूवाल्याने हात लावायला नकार दिला. मुलगी म्हणते, कुडता शिवू. सासूबाई बोलत काहीच नाहीत, पण कात्रीचा विषय निघाला की खोलीतून उठून जातात. काय करू, ताई? — एक सून, रामबाग, इंदूर*

कात्री तूर्त कपाटात ठेवा. आधी चिरा आडव्याच का गेल्या ते बघू, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

माहेश्वरीत बहुतेक वेळा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ताणा म्हणजे साडीच्या लांबीत जाणारा धागा. साडी घडी करताना जी घडी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पडते, तिच्यावर हा रेशमी धागाच मोडतो. तीच घडी वर्षानुवर्षं त्याच जागी राहिली की रेशीम तुटतं आणि आडवं सूत नुसतं लोंबत राहतं. तुम्हाला दिसणारी चीर ती हीच. रफूवाल्याने नकार दिला तो बरोबर. नवा धागा ताणून भरला की तो शेजारच्या विरलेल्या रेशमाला ओढतो आणि एका चिरेच्या दोन होतात.

आता साडी दिवसाच्या उजेडात खिडकीसमोर धरा. घडीवर, दोन घड्यांच्या मधे आणि पदराजवळ, अशा तीन जागी दोन्ही अंगठे दोन इंचांवर ठेवून लांबीच्या दिशेने अगदी हलकं ताणा. मधलं कापड टिकलं आणि फक्त घडी सुटली, तर साडी वाचते. तिन्ही जागी कर्रकन आवाज येऊन नवी चीर दिसली, तर अंग गेलं, काठ-पदर तेवढे वाचवायचे.

पहिली शक्यता धरू. चिरा जवळजवळच्या एकदोन घड्यांवरच असतील, तर दंड घाला. जुन्या बायका लुगड्याला घालत तोच. विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन तुकडे जोडायचे. साडी साडेपाच मीटर असेल आणि अर्धा मीटर गेला, तर पाच मीटर उरते. मध्यम बांध्याच्या बाईला ती नेसता येते, निऱ्या दोनेक कमी होतात. जोड कुठे येईल हे टेपने ठरवू नका. साडी नेसवून, निऱ्या जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात तिथे खडूची खूण करा. साधारणपणे खोचायच्या टोकापासून सव्वा ते अडीच मीटरच्या दरम्यान निऱ्या पडतात. जोड त्या पट्ट्यात आला तर कुणाला दिसत नाही. त्या पट्ट्याबाहेर, पुढच्या अंगावर किंवा पाठीवर येत असेल, तर आतल्या टोकाकडूनही थोडं कापून जोड सरकवता येतो. तेवढी लांबी मात्र आणखी जाते, म्हणून आधी मोजा. दोन्हीकडे पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, ठेवा, काठाला काठ टाचणीने नेमका जुळवा, आणि हाताने बारीक धावदोरा घालून माया आत दुमडून शिवा. दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो, तो कापडालाच कापतो. मशीनची टीपही इथे नको, सुईची भोकं एका रेषेत पडली की कापड त्याच रेषेवर फाटतं.

फॉल जुना असेल तर उसवून नवा लावा, पण लावायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. न भिजवलेला फॉल पहिल्याच धुण्यात आटतो आणि खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो.

दुसरी शक्यता, अंगच गेलं. मग काठ आणि पदर उतरवा. काठाबरोबर आतल्या अंगाचं अर्धा इंच कापड राहू द्या, शिवण त्यात बसते. नवं सुती किंवा रेशीम-सुती कापड घ्या, ते आधी भिजवा आणि मग काठ लावा. माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून उलट-सुलट चुकण्याची भीती नाही.

कुडत्याबद्दल. मुलीला खाली घेरावर काठ हवा असणार. त्यासाठी कापड आडवं कापावं लागतं. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. वरच्या काठाचे दोन इंच बाह्यांना काढले तर ४३ इंच उरतात. खाली काठाची किनार दुमडावी लागत नाही, खांद्यावर एक इंच माया गेली की ४२ इंचांचा कुडता बसतो. हिशेब छान जमतो, आणि शिंपीही हेच सुचवेल. पण आडवं कापलं की रेशमी ताणा अंगाभोवती येतो. श्वास घेतला, हात पुढे केला, बसलं, की ओढ नेमकी त्या विरलेल्या धाग्यावर. पाठीवर पहिल्या महिन्यात फाटेल. जुन्या साडीचा कुडता उभाच कापायचा, म्हणजे ओढ सुतावर येते, आणि काठ वेगळा कापून खाली लावायचा. ३८ छातीच्या मुलीला बाह्यांसकट अडीच मीटर पुरतात. छातीला चार-पाच इंच ढिला, आत पूर्ण मलमलचं अस्तर, आणि अस्तर कुडत्यापेक्षा अर्धा इंच तंग, म्हणजे ओढ अस्तर घेतं.

तरी आमचं मत विचाराल तर आधी दंड. साडी साडीच राहते, आणि कापलेल्या अर्ध्या मीटरची मुलीला बटव्याची जोडी होते. कोणता भाग कापायचा याची खूण सासूबाईंच्या हातून करून घ्या. त्या उठून जातात त्यावरून वाटतं, त्यांना विचारलं जाण्याचीच वाट आहे.

पुढे घडी वर्षातून दोनदा बदला, दसऱ्यानंतर आणि पावसाळा तोंडावर आला की. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवा आत कोंडते आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

*मोठ्या कंपनीत नवीन नोकरी लागली आहे, ऑफिस विजयनगरला. हातात अठरा हजार. पाच हजार घरी, बस-जेवण वेगळं. ऑफिसात सगळे टापटीप येतात. माझ्याकडे कॉलेजचे टी-शर्ट आहेत. एकदम किती कपडे घ्यावे? — एक नवा नोकरदार, सुदामा नगर*

पाच शर्ट आणि तीन पँट, आणि तेही तीन पगारांत. पहिल्या महिन्यात दोन शर्ट व एक पँट, पुढच्या दोन महिन्यांत बाकीचं. पँट एक गडद निळी, एक कोळशासारखी राखाडी, तिसरी खाकी. शर्ट फिक्या रंगाचे घेतले तर पाचही शर्ट तिन्ही पँटवर चालतात, म्हणजे आठ कपड्यांत पंधरा जोड होतात. एक जरी शर्ट असा घेतला की जो फक्त एकाच पँटवर जातो, तर हा हिशेब मोडतो.

तयार घ्यायचं की शिवायचं? तुमचे खांदे आणि पोट एकाच मापात बसत असतील तर तयार घ्या. बसत नसतील तर एमटी क्लॉथ मार्केटमधून कापड घेऊन शिवा. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टला १.६ मीटर आणि पँटला १.२५ मीटर लागतं. पाच शर्टांना आठ मीटर, तीन पँटना पावणेचार. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात शर्टला अडीच मीटर लागतात. म्हणून भाव ऐकताना पन्हा आधी विचारा. दुकानदार मीटरचा भाव सांगतो, आणि अरुंद कापड स्वस्त वाटून महाग पडतं. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं. १.६ मीटरचे पाच ते आठ सेंटिमीटर त्यात जातात, आणि ते बाहीतून जातात. शिंप्याकडे देण्याआधी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

तयार शर्ट घालून बघताना आरशात खांद्याची शिवण पाहा. ती खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. दंडावर उतरली असेल तर तो शर्ट परत ठेवा, कितीही सूट असली तरी. बाहीची लांबी, कंबर, घेर हे सगळं शिंपी कमी करून देतो. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, आणि शंभरात नव्वद वेळा काखेत झोल राहतो. पँटचं उलट आहे. मागच्या मधल्या शिवणीत बहुतेक इंच-दीड इंच माया असते, कंबर वाढवता येते. घेण्याआधी पँट उलटी करून माया आहे का ते बघा.

एप्रिल ते जून सुतीच घाला. टेरिकॉट चुरगळत नाही, टिकतं, पण माळव्याच्या मे महिन्यात घाम आतच राहतो. पावसाळ्यात आणि थंडीत टेरिकॉट चालवा, लवकर वाळतं. काखेतला पिवळेपणा क्लोरीनच्या ब्लीचने जात नाही, उलट गडद होतो. रोज आल्यावर काखेचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुऊन वाळत टाका.

खर्च महिन्याच्या नव्हे, वापराच्या हिशेबाने मोजा. दीड हजारांची पँट आठवड्यातून दोनदा घातली तर वर्षात शंभर वेळा होते, एका वेळेला पंधरा रुपये. नऊशेचं जॅकेट तीन लग्नांत घातलं तर एका वेळेला तीनशे. त्यामुळे पैसा पँट, बूट आणि पट्ट्यात घाला. बूट एकच असेल तर रोज घालू नका, दुसरा साधा जोड ठेवा. आतली ओल सुकायला पूर्ण दिवस लागतो, आणि ओल्या बुटाचा तळ आधी सुटतो.

*ह्यांचे चार शर्ट चांगले आहेत, फक्त कॉलरच्या घडीवर धागे निघालेत. टाकवत नाहीत. आई कॉलर उलटायची असं आठवतं. घरच्या मशीनवर जमेल का? — तिलक नगर*

जमेल. कॉलरचे दोन भाग असतात, दुमडलेलं पान आणि गळ्याला बसलेली पट्टी. पान पट्टीच्या दोन पदरांच्या मधे अडकवलेलं असतं. तेवढीच एक शिवण उसवायची, पट्टी आणि गळा यांच्या शिवणीला हात लावायचा नाही. लोकांचं चुकतं ते इथे. घाईत गळ्याची शिवण उसवली की पट्टी पुन्हा तशी बसत नाही.

शर्ट आधी धुऊन इस्त्री करा. पानाच्या मध्यावर आणि पट्टीच्या मध्यावर पेन्सिलची बारीक खूण करा. उसवणीने किंवा नव्या ब्लेडने दर चौथा टाका कापत जा, मग दोरा ओढला की शिवण सुटते. पान बाहेर आलं की उलटवा, खुणेला खूण जुळवून पुन्हा पट्टीत सरकवा, आधी मध्याला आणि मग दोन्ही टोकांना टाचण्या लावा आणि कच्चा टाका घाला. मग ११ नंबरच्या सुईने जुन्या शिवणीच्या भोकांवरूनच टीप मारा.

दोन गोष्टी आधी बघून घ्या. पानाच्या खालच्या बाजूला कडक पट्ट्या घालायच्या खाचा असतील तर उलटल्यावर त्या वर दिसतील, तो शर्ट सोडा. आणि खालचं पान मुळातच दोन-तीन मिलिमीटर लहान कापलेलं असतं, त्यामुळे उलटवल्यावर टोकं किंचित वर वळतात. ओला पंचा ठेवून गरम इस्त्री दाबून धरा, सरकवू नका. दोन धुण्यांत टोकं बसतात. पानाच्या घडीवर आरपार भोक पडलं असेल तर मात्र उलटून उपयोग नाही, भोक खालच्या बाजूला जाऊन वाढतच राहतं.

कफ उलटणं किचकट असतं. कड विरली असेल तर दोन मिलिमीटर आत दुमडून टीप मारा, नाहीतर बाही अर्धी करा.

*बाग छपाईचा दुपट्टा घेतला, लाल-काळा. पहिल्याच धुण्यात भावाचा पांढरा कुडता गुलाबी झाला. आता मीठ आणि व्हिनेगरमध्ये भिजवू का? मी अकरावीत आहे. — नेहरू नगर*

व्हिनेगर नको, लिंबूही नको. धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईत काळा रंग लोखंडापासून होतो आणि लाल रंग तुरटी आणि अलिझरिनने बसतो. आंबट पाण्यात लोखंडाचा काळा उतरून तपकिरी पडतो. मिठाने नुकसान नाही, पण छापून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. निघतो तो कापडावर राहिलेला जादा रंग. तो धुऊनच काढायचा. दुपट्टा एकटा, भरपूर थंड पाण्यात, साबणाशिवाय हलवून काढ, पाणी बदल, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा तसंच कर. भिजत मात्र ठेवू नकोस, सुटलेला रंग पांढऱ्या जागेवर बसतो. उलटा करून सावलीत वाळव.

भावाच्या कुडत्याला इस्त्री केली नसशील तर आशा आहे. उष्णतेने डाग बसतो. थंड पाण्यात धुण्याची पावडर घालून चार तास ठेव, चोळ, गुलाबी दिसलं तर पुन्हा तेच कर.

पुढच्या वेळी घेताना कापडाची मागची बाजू बघ. खरा रंग मागेही उतरलेला असतो. नुसता वर बसलेला रंग बोटाला जाडसर लागतो, आणि तो दुपट्टा घडीवरच पांढरा पडत जातो.

*मुलगा नऊ वर्षांचा. दर जूनला शाळेची नवी पँट. टेलर म्हणतो, दोन इंच मोठी घेऊन ठेवा. मग पहिलं वर्षभर तो बावळट दिसतो. — राजेंद्र नगर*

लांबीत मोठी घ्या, कंबरेत नको. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, त्यातली निम्मी वाढ पायांत धरा. म्हणजे एका वर्षाला एक ते सव्वा इंच. तीन इंच दुमड ठेवली तर दोन वर्षं निघतात. पण ती एकाच घडीत ठेवू नका. वर्षभर एकाच रेषेवर घासलं की तिथला रंग जातो, आणि उसवल्यावर पांढरी रेघ दिसते. दीड इंचाची दुमड खाली ठेवा आणि बाकी दीड इंच त्याच्या वर आतून चुणी घालून हाताने तुरपा. चुणी बाहेरून दिसत नाही आणि तिची कड घासत नाही. जूनमध्ये चुणी सोडा, त्याच्या पुढच्या जूनमध्ये दुमड. पँट गुडघ्यावर विरते, म्हणून शिवतानाच आतून त्याच कापडाचा पाच बाय सहा इंचांचा तुकडा लावून घ्या. कापड घेताना पाव मीटर जास्त घेतलं की पुरे.

कंबरेला आत काज असलेलं इलॅस्टिक आणि दोन बटणं लावा, दर तीन महिन्यांनी एक काज पुढे सरकवा.

*साड्यांना साबुदाण्याची खळ घालते. पावसाळ्यानंतर दोन साड्यांना बारीक भोकं दिसली. — लोकमान्य नगर*

कसर लागली आहे. तिला खळ आवडते. रोजच्या साडीला खळ जरूर घाला. दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवून लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, मलमलमधून गाळा, आणि अर्ध्या बादली पाण्यात मिसळा. गाळलं नाही तर गडद साडीवर पांढरे ठिपके राहतात. पण जी साडी महिना-दोन महिने कपाटात पडणार, ती खळ पूर्ण धुऊन, बिनखळीची, कडकडीत वाळवूनच ठेवायची. भोकं पडलेल्या साड्या आणि त्यांच्या शेजारचे कपडे दोन दिवस उन्हात घाला, कपाटाच्या फळ्या कोरड्या फडक्याने पुसून खाचांमधली धूळ काढा, जुने कागद बदला. कसरीची अंडी खाचांतच असतात.